शिडीचा पाय

रंगकामाचा अंदाज लिहून दिलेला एक कागद गेली सोळा वर्षे मी जपून ठेवला आहे. वहीच्या पानाचा तो अर्धा तुकडा आहे आणि त्यावर तारीख नोव्हेंबर २००९ ची आहे. आमच्या पेंटरमामांच्या वळणदार अक्षरात त्यावर चार ओळी आहेत : खरवडणे व गिलाव्याची डागडुजी, साहित्य, मजुरी आणि परांची. चौथ्या ओळीपुढे ‘रु. ३२००’ असा आकडा आहे आणि त्या ओळीवर निळ्या शाईची एक आडवी रेघ आहे. ती रेघ मी मारलेली आहे. प्रस्तुत लेखन त्या रेघेविषयी आहे.

आमचे घर सोलापूरच्या एका जुन्या पेठेत आहे. वडील मिलमध्ये नोकरीला होते. मिल चालू होती त्या काळात त्यांनी तळमजला बांधला आणि पहिला मजला पुढे सवडीने चढवला. घराची पश्चिमेकडची भिंत एका बोळात उतरते. बोळाची रुंदी चार फूट आणि भिंतीची उंची, गच्चीच्या कठड्यापर्यंत मोजली तर, सव्वीस फूट. या दोन आकड्यांतच पुढे घडलेले सारे दडलेले होते. पण मराठीची एम.ए. झालेल्या मला ते आकडे त्या वेळी वाचता आले नाहीत. शिडीचे गणित फार साधे आहे. शिडी ज्या उंचीवर भिंतीला टेकते, त्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतका तिचा पाय भिंतीपासून लांब असावा लागतो. सोळा फुटांवर टेकवायची असेल तर पाय चार फूट लांब. पाय याहून जवळ आणला तर शिडी उभट होते आणि वरच्या माणसाला मागे लोटते; फार लांब नेला तर पायच घसरतो. म्हणजे चार फुटांच्या बोळात सोळा फुटांच्या वर शिडी धड लागूच शकत नाही. उरलेल्या दहा फुटांसाठी मामांनी परांची लिहिली होती. त्यांनी गणित मांडून दाखवले नव्हते, एवढेच.

“मामा, एवढ्याशा भिंतीला परांची कशाला? शिडीवरून होईल की,” असे मी म्हटले. मामा थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “होतंय मॅडम. आम्हाला सवय हाय.”

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले असते. ऐकणाऱ्याला ते फार सोयीचे असते. कारण ‘सवय आहे’ असे समोरच्याने म्हटले की त्याच्या जिवाची काळजी त्याच्याच कौशल्याकडे सोपवून आपण मोकळे होतो, आणि वर त्या कौशल्याचे कौतुकही करतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे ही आपल्याकडची म्हण स्तुतीला भुलणाऱ्यासाठी वापरतात. स्तुती करून बत्तीसशे रुपये वाचवणाऱ्यासाठी मात्र म्हण नाही. योगायोग असा की, त्या सत्रात मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला श्रमिकांच्या जीवनावरच्या कविता शिकवत होते.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. माझ्या लहानपणी आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. नवरात्राच्या आधी घर झाडून-पुसून भिंतींना चुना लावायचा, हा तेव्हाचा नेम. चुना आदल्या रात्री पिंपात भिजत घातलेला असे. त्यात थोडी नीळ टाकायची आणि खालच्या हातभर पट्ट्याला गेरू. काका शिडीवर चढत आणि वडील खाली शिडी धरून उभे राहत. अंगणात शहाबादी फरशी होती आणि तिच्यावर पाणी सांडले की ती निसरडी होई, म्हणून वडील शिडीच्या पायाखाली गोणपाटाची जाड घडी घालत. मग सर्वांत खालच्या पायरीवर आपला एक पाय रोवून, दोन्ही हातांनी शिडीचे वासे धरून, वर बघत ते उभे राहत. आई चहाला हाक मारी, तर ते उत्तर देत नसत. एकदा पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला, तर वडिलांनी त्यालाही काका उतरेपर्यंत ओट्यावर बसवून ठेवले. आम्हा भावंडांना या प्रकाराचे हसू येई. पाहणाऱ्याला वाटावे, हा माणूस काहीच करत नाही. नुसता उभा आहे. वडील म्हणत, “वरचा उतरल्याशिवाय खालच्याला दुसरं काम नसतं.”

२००९ साली वडील हयात नव्हते. कामाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, मामा त्या बोळात चौदा-पंधरा फुटांवर होते. खाली त्यांचा भाचा शिडी धरून उभा होता. अठरा वर्षांचा, नुकताच कामाला लागलेला. मला खिडकीलगतचे कपाट सरकवायचे होते. मी मागच्या दारातून त्याला हाक मारली, “अरे, जरा हात लाव रे.” तो आला. कपाट सरकवायला दोन मिनिटेही लागली नसतील. तेवढ्यात सांडपाण्याच्या नळामागचा कोपरा गाठण्यासाठी मामा बाजूला झुकले. शिडीचे वरचे टोक कशालाच बांधलेले नव्हते. ते भिंतीवरून सरकत गेले. आवाज आला तेव्हा आम्ही दोघेही कपाटाला धरूनच होतो.

मामांची उजवी टाच मोडली. उंचावरून पायांवर पडणाऱ्याची टाच मोडते, असे डॉक्टर म्हणाले, आणि ती डोक्यापेक्षा स्वस्तात सुटली असे समजा, असेही. डब्यातला रंग शेजारच्यांच्या भिंतीवर उडाला. त्या भिंतीवरचा फिकट बदामी फराटा पुढे कित्येक वर्षे बोळातून जाता-येता मला दिसत असे. दवाखान्याचा खर्च मी केला. तो बत्तीसशेच्या कितीतरी पट होता. पण तो हिशेब येथे मांडण्यात अर्थ नाही, कारण मामांच्या बुडालेल्या सहा महिन्यांच्या मजुरीत मी फारशी भर घालू शकले नाही. त्यानंतर ते किंचित लंगडत चालू लागले ते कायमचेच.

खरी गोष्ट मात्र याहून वाईट आहे. पडल्यावर, रिक्षाची वाट पाहताना, वेदनेने कळवळत असतानाही मामांनी भाच्याला शिव्या घातल्या : शिडी सोडून गेलासच कसा? पोरगा मान खाली घालून उभा राहिला. त्याने माझे नाव घेतले नाही. मी तिथेच होते आणि मीही काही बोलले नाही.

मी भेटायला गेले तेव्हा मामा म्हणाले, “चढेल तो पडेल, मॅडम. कुणाला काय बोलायचं?” आपली ही म्हण पुढे ‘पोहेल तो बुडेल’ अशी जाते. मी तिच्याविषयी पुष्कळ विचार केला आहे. तिच्यात चढणारा आहे आणि पडणारा आहे, आणि ते दोघे एकच आहेत. शिडी धरणारा तिच्यात नाही, शिडी धरणाऱ्याला हाक मारणारा नाही, आणि ज्याच्या भिंतीसाठी कोणी चढला तो तर मुळीच नाही. आपल्या भाषेने अपघाताला दैवाच्या खात्यावर टाकण्याची किती सुबक व्यवस्था करून ठेवली आहे, हे त्या दिवशी दवाखान्यातल्या स्टुलावर बसून मला प्रथम कळले.

कायद्याचे काय, असे वाचक विचारतील. मीही शोधले. केंद्राने १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी कायदा केला आणि १९९८ साली त्याचे केंद्रीय नियम आले. त्यांत परांची कशी असावी, शिडी कशी असावी, सुरक्षापट्टा केव्हा हवा, हे तपशीलवार सांगितले होते. भारतीय मानक ब्यूरोचे ३६९६ क्रमांकाचे मानकही याच विषयाचे आहे. पहिला भाग परांचीचा (१९८७), दुसरा शिड्यांचा (१९९१). परंतु दहापेक्षा कमी कामगार असतील तेथे १९९६ चा कायदा लागू नव्हता, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम काढणाऱ्या व्यक्तीलाही त्यातून वगळलेले होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि तिने त्या कायद्याची जागा घेतली. तिच्यात राहत्या घराची ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली आहे. थोडक्यात, दोन रंगारी, एक शिडी आणि एका मास्तरणीचे घर, एवढ्या लहान कामाच्या दारापर्यंत तो कायदा येत नाही. तेथे काय व्हावे हे कागदावर रेघ मारणाऱ्याच्या हातात उरते.

गेल्या हिवाळ्यात घर पुन्हा रंगवायला काढले. आमच्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणून भिंती वाळू देऊन काम डिसेंबरात घेतले. मामा आता साठी ओलांडून गेले आहेत. ते कामे घेतात, पण चढत नाहीत. चढतो तो भाचा. तो आता चौतिशीचा आहे आणि त्याच्या हाताखाली दोन पोरे आहेत. मामांनी अंदाजाचा कागद पुढे केला. या वेळी परांचीची ओळ सर्वांत वर होती आणि आकडा चौदा हजारांचा होता. मी काही बोलले नाही. मामाही बोलले नाहीत.

पुढचे चार दिवस मी रजा घेऊन परांची उभी राहताना पाहिली. त्यातून जे समजले ते लिहून ठेवते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिली गोष्ट जमिनीची. आमच्या बोळात अर्धी फरशी आहे आणि अर्धी काळी माती. ही माती ओलीने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर टेकवलेला खांब आज सरळ असेल तो चार दिवसांनी असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक पाइपाखाली लोखंडी तळपट्टी आणि तिच्याखाली रुंद फळी घातली. विटांचे तुकडे घालायचे नाहीत. भाराखाली वीट फुटते. दुसरी गोष्ट भिंतीशी बांधण्याची. परांची नुसती भिंतीलगत उभी करून भागत नाही. खिडकीच्या आतल्या बाजूने आडवा पाइप टाकून तिला घराशी जखडले. खिडकीच्या गजांना बांधू दिले नाही, कारण गज माणूस तोलण्यासाठी बसवलेले नसतात. उभ्या-आडव्या पाइपांना तिरके पाइप मारून कैच्या केल्या. फळ्या एकीला एक लागून, दोन्ही टोकांना बांधलेल्या; कमरेच्या उंचीवर कठडा, त्याच्या निम्म्यावर आणखी एक आडवा पाइप, आणि पायाशी वीतभर पट्टी, म्हणजे डबा लाथेने खाली जाणार नाही. बांबूची परांची असती तर दोरांवरही नजर ठेवावी लागली असती. काथ्याचा दोर भिजला की आवळतो आणि वाळला की सैल पडतो, तेव्हा रोज सकाळी गाठी हाताने ताणून पाहणे आले.

तिसरी गोष्ट विजेची. खांबावरून घरात येणारी तार बोळाच्या तोंडाशीच आहे. धातूची शिडी, लोखंडी पाइप, इतकेच काय रोलरची ॲल्युमिनियमची दांडीसुद्धा तिच्याजवळ गेली तर पडायचीही वाट पाहावी लागत नाही. म्हणून त्या बाजूचे काम असेल त्या दिवशी वीज कंपनीच्या माणसाकडून पुरवठा बंद करून घेतला. चौथी गोष्ट उन्हाची. डिसेंबरात ती तितकी जाणवत नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपार गेलेल्या सोलापुरात तापलेल्या भिंतीसमोर उभ्या माणसाला घेरी यायला वेळ लागत नाही. सकाळी पश्चिमेची भिंत आणि दुपारनंतर पूर्वेची, असे सावलीच्या मागे काम फिरवावे. रंगही नीट बसतो, तापलेल्या भिंतीवर तो लावता लावताच सुकतो आणि पट्टे उमटतात.

समोरच्या भिंतीला तर आम्ही परांची लावलीच नाही. तिथला बराच भाग लांब दांडीच्या रोलरने जमिनीवरून झाला आणि उरलेला गॅलरीतून व गच्चीवरून. चढल्यावाचून जे होते त्यासाठी चढूच नये, ही या विद्येतली पहिली पायरी असावी.

वाद झाला तो पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवरून. तिथे भाच्याला झुला सोडायचा होता : एक फळी, दोन दोर, आणि दोर गच्चीच्या कठड्याला बांधलेले. आमचा कठडा चार इंची विटांचा आहे. तो कपडे वाळत घालायला ठीक. त्याच्यावर माणूस टांगायचा नसतो. बऱ्याच बोलाचालीनंतर झुल्याचे दोर जिन्याच्या खोलीच्या कॉलमला बांधले, आणि भाच्याच्या अंगातल्या पट्ट्याचा दोर त्यांच्यापासून वेगळ्या, दुसऱ्या कॉलमला. दोन्ही एकाच जागी बांधले तर ती जागा सुटताच दोन्ही सुटतात. पट्टा नुसता कमरेचा नको, खांद्या-मांड्यांतून जाणारा हवा. आणि गच्चीवर एक माणूस सतत हवा, कारण पट्ट्यात अडकून बराच वेळ लोंबकळत राहणेही जिवावर बेतू शकते. त्याला वर घ्यायचे कसे हे आधी ठरलेले असावे लागते.

“पट्टा घातला की हात चालत नाही, मॅडम,” भाचा म्हणाला. “सवय हाय मला.”

मामा गच्चीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी काही न बोलता उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय पुढे केला. भाच्याने पट्टा घातला.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी ते बोलले. सोळा वर्षे वर्गात बोलण्याचा व्यवसाय करूनही वाक्य जुळवायला मला वेळ लागला. मी म्हटले, त्या दिवशी हा शिडी सोडून गेला नव्हता. मी त्याला हाक मारली होती, कपाट सरकवायला. तेव्हाच सांगायला हवे होते.

भाचा कपात बघत राहिला. मामा म्हणाले, “मला ठावं हाय की. तुमची हाक वर ऐकू आली होती.”

“मग तुम्ही त्याला का बोललात?”

“त्यानं पुन्हा कुणाच्या हाकेला शिडी सोडू नये म्हणून. तुम्हाला काय बोलणार? घर तुमचं, काम तुमचं.” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि त्यानं पुन्हा सोडलीबी नाही. विचारा त्याला.”

भाचा पहिल्यांदा हसला. म्हणाला, “बायकोचा फोन आला तरी घेत नाही मी, मॅडम. त्याच्यावरून भांडणं हुतात घरी.”

माझ्या कबुलीने फार मोठे काही घडले असे नाही. माफी मागितली गेली, ती दिली गेली की नाही हे मला नीट कळले नाही, आणि चहा संपल्यावर दोघेही उठून ब्रश धुवायला गेले. पण एक गोष्ट लक्षात आली. मामा वर असताना खालचे सारे ऐकत होते. वरच्या माणसाचे कान खाली लागलेले असतात. त्याच्या पायाखाली कोण आहे, कोण गेले, हे त्याला कळत असते. कळूनही तो हातातला कोपरा पुरा करायला झुकतो, कारण संध्याकाळपर्यंत भिंत व्हायची असते.

काम संक्रांतीच्या आत संपले. संक्रांतीला आमच्या गावी सिद्धेश्वरांची यात्रा भरते आणि सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. मी लहानपणापासून ते पाहत आले आहे आणि लहानपणापासून माझी नजर वर, ध्वजाच्या टोकाकडे, असे. यंदा प्रथमच मी खाली पाहिले. पांढऱ्या बाराबंदीतला एक जण तो भार पेलत असतो आणि त्याच्या आजूबाजूला, तोल गेलाच तर सावरायला, बाकीचे चालत असतात. यात्रेच्या कितीतरी आधीपासून त्यांचा सराव चालतो. एवढी उंच गोष्ट गर्दीतून सुखरूप नेता येते, कारण तिच्या पायाशी असलेल्यांपैकी कोणाचेही लक्ष दुसरीकडे नसते. हे ज्या गावाला इतक्या पिढ्या ठाऊक आहे, त्या गावात मी परांचीच्या ओळीवर रेघ मारली होती.

असो. दारावरची नावाची पाटी बसवायची राहिली होती. वडिलांच्या नावाचीच जुनी पाटी, पुसून घेतलेली. नऊ फुटांची उंची, पाच मिनिटांचे काम. परांची केव्हाच उतरवून गेली होती. भाचा शिडी घेऊन आला, तिचा पाय भिंतीपासून सव्वादोन फुटांवर टेकवला आणि कोणाला हाक मारावी म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. पोरे टेम्पोत सामान भरत होती. मी पुढे झाले, गोणपाटाची घडी पायाखाली सारली, खालच्या पायरीवर पाय रोवला आणि दोन्ही वासे धरले. तो चढला. आत माझा फोन वाजू लागला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. भाच्याने वरून एकदा खाली पाहिले आणि मग खिळा ठोकायला घेतला.